सातवं काडतूस

१

एकतीस वर्षं ऑरिन टीगनं घसा फोडून एकच गोष्ट सांगितली. पिस्तूल खिशात बाळगायचं असेल तर त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही. किल्ल्या नाहीत, चिल्लर नाही, पेपरमिंटची गोळीसुद्धा नाही. आणि पिस्तूल नेहमी कातडी म्यानात, म्हणजे चापाला नुसता धक्का लागून ते उडायला नको. गुरुवारी दुपारी हाच ऑरिन आपल्या नेमबाजीच्या रेंजवर, शेडमध्ये, मरून पडला. उजव्या खिशात उघडं पिस्तूल होतं, आणि त्याच खिशात ट्रकच्या किल्ल्यांचा जुडगा.

गोळी मांडीच्या वरच्या भागात लागली होती. ब्रश क्रीक गावात अँब्युलन्स यायला एकतीस मिनिटं लागली. तेवढ्यात रक्त वाहून तो गेला.

"शिकवणाऱ्यानंच शेण खाल्लं," शेरीफ नॅश म्हणाला. तो काउंटरला टेकून वेल्माचीच कॉफी पीत होता.

वेल्मा हॅस्केटचं डोकं फिरलं. ती त्रेसष्ट वर्षांची. त्यातली एकोणीस वर्षं तिनं ऑरिनच्या या काउंटरमागे पिस्तुलं विकण्यात आणि लोकांच्या मूर्खपणाशी भांडण्यात काढली होती. "नॅश, तू शाळेत गणितात माझी वही बघून लिहायचास. आता जरा स्वतःचं डोकं वापर. ऑरिन खिशात किल्ल्या ठेवेल? ऑरिन?"

"अगं, तो स्वतः फोनवर बोललाय. रेकॉर्ड आहे. ऐकायचंय?"

तिला ऐकायचं नव्हतं, तरी तिनं ऐकलं. ऑरिनचा आवाज धापा टाकत होता, पण शब्द स्पष्ट होते. 'टीग रेंज. माझंच पिस्तूल माझ्याच खिशात उडालं. किल्लीत चाप अडकला. चूक सर्वस्वी माझी. लिहून घे, माझी.'

"झालं समाधान?" नॅश म्हणाला. "मरणारा माणूस खोटं कशाला बोलेल?"

"आणि म्यान कुठंय? सोमवारी मी स्वतः त्याला पिस्तुलाबरोबर नवीन म्यान दिलं."

"नव्हतं म्यान. म्हणून तर मेला."

ते पिस्तूल तिनंच निवडलं होतं, आणि हेच तिला आतून खात होतं. ऑरिनच्या बोटांची सांधेदुखी इतकी वाढली होती की त्याला लोणच्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येत नव्हतं. जुन्या पिस्तुलाचा घट्ट चाप ओढवत नव्हता, वरची स्लाईड मागे खेचवत नव्हती. तिनं चार पिस्तुलं काउंटरवर मांडली. सर्वात छोटं त्याला आवडलं, पण ते हातात गाढवासारखी लाथ मारायचं. मोठं होतं ते खिशात मावेना. शेवटी तिनं मधलं पुढे सरकवलं, स्लाईड मऊ आणि चाप हलका. "घे म्हाताऱ्या, हेच घे," असं तीच म्हणाली होती.

चाप हलका. तीन दिवसांत माणूस गेला.

रविवारी ग्रेंज हॉलमध्ये, गावातल्या शेतकऱ्यांच्या सभागृहात, शोकसभा होती आणि तिथं बोलायचं वेल्माला होतं. 'आयुष्यभर नियम शिकवला आणि तोच मोडून मेला', असं काही तिच्या तोंडून निघणार नव्हतं. ऑरिनला दुसरं काही नव्हतंच. बायको गेलेली, मुलगी दुरावलेली. होतं ते नाव होतं.

"पिस्तुलात काय काय सापडलं तेवढं सांग," ती म्हणाली.

नॅशनं कंटाळून कागद काढला. "मॅगझिनमध्ये चार काडतुसं. नळीत एक भरलेलं. उडालेल्याची रिकामी पुंगळी जमिनीवर. चार, एक, एक. सहा. मॅगझिन सहाचंच आहे, मीही बघितलंय. हिशेब चोख आहे, वेल्मा. जाऊ दे आता."

तो गेला. वेल्मा तो आकडा मनात घोळवत राहिली. सहा. हिशेब चोख होता खरा, पण चुकलेला होता.

२

खिशात पिस्तूल बाळगणारा जुना माणूस सहावर थांबत नाही. मुठीतलं मॅगझिन भरतो, स्लाईड खेचून एक काडतूस नळीत चढवतो, मॅगझिन काढतो आणि रिकाम्या झालेल्या जागी आणखी एक बसवतो. सहाच्या पिस्तुलात सात. इथल्या म्हाताऱ्यांना ही सवय दाढी करण्याइतकी जुनी आहे. सोमवारी तर ऑरिनच्या बोटांना ते सातवं दाबवेना म्हणून वेल्मानंच अंगठ्यानं ते खाली ढकललं होतं. अंगठा अजून दुखत होता.

मग सातवं गेलं कुठं?

ती शेडमध्ये गेली. गुरुवारी बारा वाजता दंतवैद्याकडे निघण्यापूर्वी तिनं स्वतः तिथली फरशी झाडली होती. आता ती गुडघ्यांवर बसली, गुडघ्यांना शिव्या घातल्या, आणि टॉर्च लावून कोपरा न् कोपरा पाहिला. लाकडी बाकाच्या पायाशी, फटीत, ते चमकत होतं. रुपेरी पुंगळी आणि टोकाला खळगा असलेली गोळी. सरावाची काडतुसं पिवळी असतात. ही रुपेरी महागडी गोळी फक्त बाळगायच्या पिस्तुलात भरतात. ते न उडालेलं होतं.

उडालेली पुंगळी बाहेर पडते. न उडालेलं काडतूस आपण होऊन बाहेर पडत नाही. कोणीतरी स्लाईड हातानं खेचावी लागते.

वेल्मानं दुकानातलं तसलंच दुसरं पिस्तूल घेतलं, ऑरिनची एक जुनी पँट वाळूनं ठासून भरली आणि ती मातीच्या बांधापाशी बाकावर ठेवली. पिस्तूल खिशात घातलं, मनगट घट्ट केलं, चाप ओढला. पँटीला भोक पडलं, कापड जळल्याचा वास आला. पिस्तूल बाहेर काढलं तर रिकामी पुंगळी स्लाईडच्या फटीतच अडकलेली. खिशाच्या कापडानं स्लाईड मागे जाऊच दिली नव्हती. तिनं परत केलं. परत तेच. चारदा केलं आणि चारही वेळा पिस्तूल अडकून बसलं.

म्हणजे खिशात उडालेल्या पिस्तुलाच्या नळीत नवीन काडतूस येणं शक्यच नव्हतं. पिस्तूल बाहेर उडालं. उडताना अडकलं. कोणीतरी अडकलेलं मोकळं केलं, त्यात पुंगळी आणि एक चांगलं काडतूस खाली पडलं. मग कोणीतरी ते ऑरिनच्या खिशात ठेवलं, वर किल्ल्या टाकल्या.

आणि ऑरिननं फोनवर खोटं सांगितलं.

कोणाच्या धाकानं? वेल्माला भयंकर राग आला.

३

त्या दिवशी दुपारी रेंजवर तिघं येऊन गेले होते. पहिला वेड कट्रेल, छपरं घालणारा कंत्राटदार. सकाळच्या वर्गात त्यानं भरलेल्या पिस्तुलाची नळी दोनदा लोकांवरून फिरवली म्हणून ऑरिननं त्याला अकरा वाजता हाकललं होतं.

वेड हॉटेलात पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही चापत होता.

"मला माहितीच होतं तुम्ही येणार, मिस वेल्मा. हो, चार लोकांत अपमान केला त्यानं माझा. बावीसशे डॉलरचं पिस्तूल आहे माझं, नक्षीकाम केलेलं. आणि तो म्हणतो, 'वेड, तुझ्यापेक्षा ते बंद पेटीत जास्त शोभतं.'"

"बरोबरच म्हणाला. तू परत का गेलास?"

"कानावरचे मफ विसरलो होतो. एक वाजता. काउंटरवरून उचलले आणि निघालो. शेडकडे गेलो पण नाही." त्यानं काटा खाली ठेवला. "आणि ऐका, एवढं नियमांचं पुराण सांगणाऱ्याचं असं व्हावं, हे म्हणजे..."

"वेड, तुझं पिस्तूल अडकलं तर तू काय करतोस?"

"हात वर करतो आणि मास्तरला बोलावतो. त्याचेच तर पैसे घेतो ना तो. घ्यायचा."

हे खरं होतं. सहा वर्गांत तो अडकलेलं पिस्तूल मोकळं करायला शिकला नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी. वेल्मा त्याचं बिस्किट उचलून खात बाहेर पडली, तेवढंच समाधान.

दुसरा डेल, ऑरिनचा जावई. तो मागच्या कुंपणाचे खांब रोवत होता. त्याला ही जमीन गोदामवाल्यांना विकायची होती आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, मिस वेल्मा," तो म्हणाला. "घरात शेजाऱ्यांनी आणलेल्या जेवणाच्या अकरा ताटल्या आहेत आणि एकाही माणसाला माझ्याशी बोलायचं नाही."

"तू काय ऐकलंस?"

"आधी सरावाचे बार चालू होते. मग थांबले, आणि दीडच्या सुमारास एकच बार. मी म्हटलं, कोणीतरी शिकतंय. मग अर्ध्या तासानं सायरन. धावत गेलो तर ते बाकाला टेकून होते, अँब्युलन्स दारात. पायाला पट्टा आवळलेला होता, तो काठी घालून पिळायचा असतो ना, तो."

"घट्ट होता?"

"एकदम. पण जखम फार वर होती, कंबरेपाशी. तिथं त्याचा उपयोग नव्हता. अँब्युलन्सवालासुद्धा म्हणाला, बांधणाऱ्यानं बांधलाय चांगला."

ज्याला लोणच्याची बाटली उघडत नव्हती त्यानं तो पट्टा पिळला? वेल्मा कुंपणाला टेकली. जीव घ्यायला आलेला माणूस जीव वाचवायचा पट्टा बांधत नाही.

"डेल, तुझ्या हातून ते छोटं पिस्तूल कधी अडकलंय?"

"माझ्या?" त्यानं ऐंशी पौंडांचा खांब एका हातानं उचलून दाखवला. "अडकतं ते ढिल्या मनगटाला. तुम्हीच शिकवलंय मला."

तिनंच शिकवलं होतं. छोट्या पिस्तुलाची स्लाईड मागे जाते ती हात घट्ट असेल तरच. मनगट लवलं की पिस्तूलही हाताबरोबर मागे येतं आणि पुंगळी स्लाईडच्या फटीत अडकते. म्हणजे तिला असा माणूस हवा होता ज्याचं मनगट कच्चं आहे, आणि तरीही ज्याचे हात अडकलेलं पिस्तूल विचार न करता मोकळं करतात.

असा माणूस कोण, हे तिला कुंपणापासून गाडीपर्यंत येता येता कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं तिला वाटलं.

४

तिसरी ट्वायला बॉस्टिक. ती शाळेची बस चालवायची. चौतीस वर्षांची, चिमणीएवढी. तिचा पहिला नवरा गेल्या महिन्यात तुरुंगातून सुटला होता. आत जाण्यापूर्वी त्यानं तिचा जबडा मोडला होता. आता तो वकील घेऊन आला होता आणि त्याला नऊ वर्षांची मुलगी हवी होती. कोर्टाची तारीख पुढच्या बुधवारी होती.

ती दुकानात आली तेव्हा म्हणाली होती, "मिस वेल्मा, सर्वात छोटं द्या. छोटं म्हणजे सोपं ना?" सगळे हेच म्हणतात. छोटं पिस्तूल लपवायला सोपं आणि चालवायला कठीण, हे ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते. ट्वायला परवान्याच्या परीक्षेत तीनदा नापास झाली. प्रत्येक तिसऱ्या बाराला तिचं पिस्तूल अडकायचं. शेवटी वेल्मानं वैतागून तिला खोटी काडतुसं दिली. "मनगट सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर अडकलं की बुडाला थाप मार, स्लाईड खेच. रोज शंभर वेळा. स्वयंपाक करताना, टीव्ही बघताना. हाताला कळलं पाहिजे, डोक्याला नाही." आणि ट्वायलानं ते गिरवलं, शाळेतल्या मुलीसारखं.

गुरुवारी साडेबाराला ऑरिनकडे तिचा एकटीचा तास होता. नॅशला तिनं सांगितलं होतं की ती एक वाजताच निघाली.

वेल्मा आधी शाळेच्या बस डेपोत गेली. तिथला म्हातारा व्यवस्थापक तक्रार करायला आसुसलेलाच होता.

"चार वर्षांत पहिल्यांदा उशीर, सात मिनिटं! आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्याचिंब. मी विचारलं, तर म्हणे गाडीचं पाणी बदलत होते."

एक वाजता निघालेली बाई पावणेतीनच्या बसला सात मिनिटं उशिरा पोचते, आणि रेंजपासून डेपो वीस मिनिटांवर. वेल्माला आणखी काही विचारायचं उरलं नव्हतं.

शेवटच्या फेरीनंतर बस रिकामी उभी होती. ट्वायला सीटांमधला कचरा गोळा करत होती. वेल्मा पायऱ्या चढली आणि तिनं ते रुपेरी काडतूस डॅशबोर्डवर ठेवलं.

"हे सातवं," ती म्हणाली. "बाकाखाली होतं. बोल पोरी."

ट्वायलाच्या हातातली पिशवी खाली पडली. तिनं ड्रायव्हरच्या सीटमागून आपलं जाकीट काढलं आणि त्याच्या खिशातून नवंकोरं कातडी म्यान बाहेर काढलं.

५

"मी परत नापास झाले होते," ट्वायला म्हणाली. "ते म्हणाले, तुझं पिस्तूलच तुला नको, माझं बघ, वेल्मानं निवडलंय. म्यानासकट माझ्या खिशात ठेवायला दिलं. म्हणाले, खिशातून काढून दाखव. बोटं कुठं येतात ते मला बघू दे. आणि ते बघायला माझ्या पुढे आले. एक पाऊलच. ते कधीच पुढे येत नाहीत."

"कधीच नाही," वेल्मा म्हणाली.

"माझ्या पिस्तुलाचा चाप किती ओढावा लागतो तुम्हाला माहिती आहे. मला वाटलं हाही तसाच. मी नुसतं बोट टेकवलं, मिस वेल्मा. देवाशप्पथ नुसतं टेकवलं."

वेल्मानं समोरच्या सीटची दांडी धरली. हलका चाप. म्हाताऱ्याच्या दुखऱ्या बोटांसाठी तिनं प्रेमानं निवडलेला. चोर शोधायला निघालेल्या बाईला चोराच्या हातात आपलाच हात दिसला.

"ते खाली बसले आणि पिस्तूल अडकलं होतं, आणि माझ्या हातांनी थाप मारली, स्लाईड खेचली. मला कळलंच नाही. ते रक्तात बसलेत आणि मी परत गोळी भरतेय! आणि ते काय म्हणाले माहिती आहे? 'बघ, आता जमलं.'"

ती रडायला लागली. वेल्मानं तिला थांबवलं नाही.

"मी पट्टा बांधला, ते सांगत होते तसा. फोन लावला तर माझ्या हातून घेतला. बोलून झाल्यावर म्हणाले, पिस्तूल माझ्या खिशात घाल. मी नाही म्हटलं. ते ओरडले, अगदी वर्गात ओरडतात तसे. 'बुधवारी कोर्टात तो वकील विचारेल की माणसावर गोळी कोणी झाडली. मुलगी त्याच्या घरी जाईल, ट्वायला. खिशात घाल आणि किल्ल्याही टाक. नॅश आळशी आहे, त्याला किल्ल्या पुरतील.' मी तरी बसून राहिले. सायरन लांबून ऐकू यायला लागल्यावर त्यांनी मला ढकललं. म्हणाले, पुढे मी उभा राहिलो, चूक माझी. मला वाटलं ते वाचतील. शपथ, वाचतील असंच वाटलं. बसपर्यंत पोचेतो मी तेच म्हणत होते."

मग ट्वायलानं बाहीनं नाक पुसलं. "मी शेरीफकडे येते. उद्या. त्यांच्याबद्दल लोक काय काय बोलतायत, मला ऐकवत नाही."

वेल्मालाही ऐकवत नव्हतं. कालपासून ती ज्याच्यासाठी जिवाचं रान करत होती ते तिच्या हातात होतं. एक वाक्य नॅशला सांगितलं की ऑरिनचं नाव धुऊन निघालं असतं. फक्त ते नाव त्यानं स्वतःच, पूर्ण शुद्धीत, देऊन टाकलं होतं. आणि हा हट्टी म्हातारा जिवंत असता तर तिनं त्याला दोन थोबाडीत दिल्या असत्या, मला न विचारता एवढं मोठं कसं ठरवलंस म्हणून.

"तू बुधवारी कोर्टात ये," ती शेवटी म्हणाली. "बाह्या कोरड्या ठेवून ये. शेरीफकडे जायचं नाव काढू नकोस."

"आणि तुम्ही रविवारी काय बोलणार?"

म्यान आणि काडतूस पर्समध्ये टाकून ती बसमधून उतरली.

६

रविवारी ग्रेंज हॉल गच्च भरला होता. वेल्मा त्यानं भाजलेल्या गोड पेकान पायबद्दल बोलली, त्याच्या बेसूर गाण्याबद्दल बोलली. तो कसा मेला यावर एक अक्षर बोलली नाही. मागच्या रांगेत वेडनं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. ते तिनं पाहिलं आणि कागद घडी करून खाली उतरली.

दारात नॅश भेटला. "मग? सापडलं काही? गावभर विचारत फिरत होतीस म्हणे."

"नाही सापडलं."

"म्हणजे मीच बरोबर होतो."

"हो नॅश," वेल्मा म्हणाली. "तूच बरोबर होतास." आयुष्यात इतकं कडू काही तिनं गिळलं नव्हतं.

बुधवारी न्यायाधीशांनी मुलगी आईकडेच ठेवली. ट्वायला कोर्टाच्या पायऱ्यांवर मुलीला कवटाळून उभी राहिली आणि वेल्मा लांबूनच परत फिरली.

गुरुवारी नवा वर्ग होता. शिकवायला आता वेल्माच होती. सहा जण समोर बसले होते. पुढच्या बाकावर एक तरणी नर्स होती, सगळं वहीत उतरवून घेणारी. वेल्मानं पहिला नियम सांगितला, पिस्तूल असलेल्या खिशात दुसरं काही नाही.

"मॅडम," नर्सनं हात वर केला, "असं खरंच कधी झालंय का? की नुसतं घाबरवायला सांगतात?"

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अगं, इथल्याच मास्तरचं झालं ना!"

सहाही जण तिच्याकडे बघत होते. बाहेर डेल जमिनीची मोजणी करायला आलेल्या माणसांशी बोलत होता. वेल्माला वाटलं, ओरडून सांगावं. सगळं सांगावं, पट्ट्यासकट, फोनसकट.

"झालंय," ती म्हणाली. "ऑरिन टीग. एकतीस वर्षांचा अनुभव. किल्ल्या आणि पिस्तूल एकाच खिशात ठेवलं आणि मेला. त्याच्यासारखं वागू नका."

नर्सनं मान खाली घातली आणि वहीत लिहिलं. वेल्मानं तिला विचारलं, "नाव नीट लिहिलंस ना त्याचं?"